होडी तीच राहू द्या, दोर बदला

या महिन्यात आमच्याच पातूरहून एक लांबलचक पत्र आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या भावाची मुलगी चौदा वर्षांची. हैदराबादला खालाच्या घरी राहून शिकते आणि गेली दोन वर्षं हुसेन सागरवर शिडाची छोटी होडी चालवते. सध्याची होडी ऑप्टिमिस्ट, तिचं वय आता संपत आलंय. पुढची होडी घ्यायची आहे. कोणीतरी त्यांना सांगितलं की, 'क्लबच्या जुन्या होडीवर नंबर येत नसतो, बाहेरून नवी कोरी मागवा, पोरगी पुढे जाईल.' म्हणून घरात पाटल्या मोडायचा विचार चाललाय. अम्मीने खाली वेगळ्या शाईत आपला प्रश्न जोडला आहे, तो कपड्यांचा. त्याकडे शेवटी येतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पाटल्या मोडू नका. का ते पुढे सांगतो, कारण हा हिशेब नीट समजला तर दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या दुकानात कोणी तुम्हाला सहज गंडवू शकणार नाही.

वऱ्हाडातल्या वाचकांना आधी वाटेल की हा काय विषय! समुद्र पाचशे किलोमीटरवर, बोर्डी नदीला उन्हाळ्यात पाय भिजतील एवढं पाणी नाही. महानचं काटेपूर्णा धरण जवळ आहे, पण ते अकोल्याच्या पिण्याच्या पाण्याचं आणि अभयारण्यातलं. पण शिडाच्या होड्यांची शर्यत हा काही फक्त किनाऱ्यावरच्या लोकांचा खेळ राहिलेला नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत नेहा ठाकूर या मुलीनं रौप्यपदक आणलं. ती मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याच्या घरची, आणि शिकली भोपाळच्या बड्या तलावावर. त्याच खेळांत इबाद अली यानं वाऱ्यावरच्या फळीच्या, म्हणजे विंडसर्फिंगच्या शर्यतीत कांस्य घेतलं, आणि विष्णू सरवणननं इल्का ७ मध्ये कांस्य. मुंबईत या खेळाची परंपरा फार जुनी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे, आणि १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या होत्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तेव्हा फायरबॉल होडीत सुवर्ण जिंकलं होतं. पण आपल्या पातूरकरांना मुंबईपेक्षा भोपाळ आणि हैदराबाद जवळ पडतात. हजरत हुसेन शाह वलींच्या नावाचा तो तलाव सोळाव्या शतकातला. आज त्याच्यावर सुहेम शेख यांच्या यॉट क्लबात गरीब वस्त्यांतली मुलंही शीड ओढायला शिकतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी सायकल ठेवायला जागा नसते, होडी कुठून असणार? तरी ती शर्यतीत असतात.

आता होडीकडे. ऑप्टिमिस्ट ही क्लार्क मिल्स या अमेरिकन माणसानं १९४७ मध्ये प्लायवूडच्या दोन पत्र्यांतून निघेल अशी काढलेली पेटीसारखी होडी. लांबी २.३६ मीटर, शीड साधारण ३.३ चौरस मीटर. नियम असा की ज्या वर्षी मूल पंधरा पूर्ण करतं त्या वर्षाच्या अखेरपर्यंतच ती शर्यतीत चालते. म्हणजे तुमच्या लेकीच्या हातात जेमतेम एखादं वर्ष आहे. त्यानंतरची वाट सहसा इल्का होडीची. २०१९ पर्यंत हिलाच लेझर म्हणत, जुनी माणसं अजून म्हणतात. ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता कागदावर रेखाटली आणि १९७१ मध्ये ती बाजारात आली. लांबी सव्वाचार मीटरला थोडी कमी, वजन एकोणसाठ किलो, एकटा माणूस चालवणार.

या होडीची सगळी गंमत अशी की बूड एकच, शिडं तीन. इल्का ४ चं शीड ४.७ चौरस मीटर, इल्का ६ चं ५.७६ आणि इल्का ७ चं ७.०६. शीड बदलतं तशी डोलकाठीचा खालचा तुकडाही बदलतो, बाकी होडी तीच. त्यामुळे चौदाव्या वर्षी इल्का ४ वर बसलेली मुलगी वजन वाढलं की इल्का ६ वर जाते, आणि घराला नवी होडी घ्यावी लागत नाही. पत्रात मुलीचं वजन एकोणपन्नास किलो लिहिलंय. म्हणजे प्रश्नच नाही, इल्का ४. साठी ओलांडली की मग सहाचा विचार. काही आईबाप लवकर पुढे जावी म्हणून हलक्या मुलाला मोठ्या शिडाखाली बसवतात. वारा पडलेला असेल तेव्हा ते मूल वेगात दिसतं, आणि वारा चढला की सारखं उलटत राहतं. एक मोसम तसा गेला की पोर पाण्याला भिऊ लागतं. हे मी नोकरीच्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय.

आता पैशांचा मुद्दा. इल्का आणि ऑप्टिमिस्ट दोन्हींत शर्यतीचा पाया हा की सगळ्यांची होडी एकसारखी असावी. इल्कात बूड, काठी, शीड हे ठरावीक मान्यताप्राप्त कारखान्यांचंच लागतं, होडीवर त्याचा अधिकृत फलक असतो. तुम्ही जास्त पैसे टाकून जास्त वेगाचं शीड शिवून घेऊ शकत नाही, नियमच आडवा येतो. बाजारात हुबेहूब दिसणारी स्वस्त शिडं मिळतात. सरावाला ती चालतात, पण शर्यतीच्या तपासणीत बाद होतात. तेव्हा नव्या होडीत आणि क्लबच्या बऱ्या अवस्थेतल्या होडीत जो फरक पडतो, तो त्या वयात, त्या शर्यतींत, फार थोडा. खरा फरक पडतो तो दोन ठिकाणी: होडी बांधून तयार करताना आणि वारा बदलला की ते बांधलेलं पुन्हा जुळवताना. आणि हे करायला जे सामान लागतं ते एका पिशवीत मावतं.

ती पिशवी मुलीला करून द्या. तिच्यात पहिला येतो मेनशीटचा दोर. (ऐकून शीट म्हणजे कापड वाटतं, पण होडीवर शीट म्हणजे शीड आवरण्याचा दोर.) क्लबच्या होडीवर हा बहुधा जाड, पाणी पिऊन फुगलेला आणि सालं निघालेला असतो. तिच्या हाताला सहा-सात मिलिमीटरचा, पाणी न धरणारा दोर हलका जातो आणि कप्पीतून सरसर पळतो. लांबी तेरा-चौदा मीटर. टोकाला गाठ हवीच, नाहीतर जोराच्या वाऱ्यात तो सगळा कप्प्यांतून सुटून जातो आणि मग शीड नुसतं फडफडतं. दुसरं म्हणजे शिडाचा ताण ठरवणारे बारीक दोर. ते डायनीमाचे घ्या, कारण ते ताणले जात नाहीत. नायलॉनचा दोर आपल्या शेतात बैल बांधायला चांगला, पण तो रबरासारखा लांबतो. शीड ओढून ठेवावं आणि पाच मिनिटांत परत सैल व्हावं, असं होतं. बाकी पिशवीत इन्सुलेशन टेप, दोन-चार शॅकल, एक शिट्टी, बुडाचं एक जादा बूच आणि लोकरीचा किंवा कॅसेटच्या फितीचा तुकडा. घरात कव्वालीच्या जुन्या कॅसेट पडून असतीलच. ती फीत काठीला वीतभर बांधली की वाऱ्याची कुजबुज महागड्या दर्शकाइतकीच स्पष्ट सांगते. ओली झाली तर टाकून नवी लावायची.

होडीवर पिशवी उघडण्याआधी एकदा गाठींबद्दल. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक शिकवावा लागत नाही. होडीवर निरगाठ शत्रू समजावी. पाणी पिऊन ती अशी बसते की दातांनी सुटत नाही, आणि होडी उलटली असताना काहीतरी घाईनं सोडायची वेळ येतेच. ताण पेलणारी पण हाताने सुटणारी फासाची गाठ आणि दोर निसटू न देणारी आठच्या आकड्याची गाठ, या दोन तिला डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. घरात रात्री लाइट गेली की सराव करून घ्या.

आता बांधणी. इल्काची डोलकाठी दोन तुकड्यांची. वरचा तुकडा खालच्यात बसतो तिथे थोडी ढिलाई राहते, म्हणून जोडावर टेपचे एक-दोन वेढे घालावेत, काठी घट्ट बसते आणि वळत नाही. काठी बुडातल्या खळग्यात उभी केल्यावर ती खाली बांधून ठेवायचा छोटा दोर असतो, तो विसरू नये. होडी पूर्ण उलटली आणि काठी सुटून पाण्यात गेली तर बुडाच्या त्या खळग्याची कड फाटते आणि दुरुस्तीला होडी आठवडाभर अडकते. सुकाणूच्या पात्याचंही तसंच. पातं खाली ओढून ठेवणारा दोर ढिला असला की पातं थोडं मागे उचललं जातं आणि हातातला दांडा दगडासारखा जड होतो. मूल तक्रार करतं की होडी एका बाजूला ओढते. दहातल्या सात वेळा कारण हेच निघतं. आणि सुकाणू उलटताना निसटणार नाही अशी क्लिप तिथे आहे का, तेवढं पाहून घ्यावं. 'सुकाणू' हा शब्द अरबी सुक्कानवरूनच आपल्याकडे आला, कोकणातल्या आपल्या लोकांनी तो बंदरांतून आणला. 'मोसम' तिकडूनच आलेला.

मागच्या टोकाला आडवा जाणारा दोर, ट्रॅव्हलर, तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ हवा. सैल असेल तर कप्पी मधेच अडकते आणि शीड नको तेवढं आत येतं. बाहेर झुकण्यासाठी पाय अडकवायचा पट्टा तिच्या पायाच्या लांबीला बांधून घ्या. क्लबची होडी आदल्या दिवशी उंच मुलानं चालवलेली असते आणि पट्टा त्याच्या मापाचा राहिलेला असतो. पट्ट्याच्या गाठी रोज ओढून बघाव्यात. तो सुटला तर मूल पाठीवर पाण्यात जातं.

शिडाच्या जुळवणीचं सांगायचं तर संक्रांतीच्या पतंगापासून सुरुवात करावी. पतंगाला दोन भोकं पाडून जो दोरा बांधतो, त्याची गाठ बोटभर वर-खाली केली की पतंग मंद वाऱ्यात चढतो किंवा जोराच्या वाऱ्यात टिकतो. तो पतंग तोच असतो, कागद तोच. शीडही तसंच. शिडाला पोट असतं. पोट मोठं ठेवलं की ताकद जास्त, चपटं केलं की कमी. बूमच्या टोकाकडे शीड ओढणारा दोर आउटहॉल, तो ढिला सोडला की खालचं पोट सुटतं. मापाला पट्टी लागत नाही. बूम आणि शिडाची खालची कड यांत मंद वाऱ्यात एक वीत जागा, जोराच्या वाऱ्यात चार बोटं, आणि मधलं सगळं त्या दोघांच्या दरम्यान. काठीलगत शीड खाली ओढणारा दुसरा दोर असतो, कनिंगहॅम. मंद वाऱ्यात तो सैलच राहू द्यावा. काठीजवळ सुरकुत्या दिसतील. आपल्याला कुर्त्याला इस्त्री करायची सवय, त्यामुळे किनाऱ्यावर उभे बाप ओरडतात, 'ओढ, ओढ, चुण्या दिसतायत!' दिसू द्या. त्या वाऱ्यात त्या चुण्या हव्यात. वारा चढला की मात्र हाच दोर एकोणपन्नास किलोच्या मुलीचा सगळ्यात मोठा आधार. तो जोरात खाली ओढला की पोट पुढे सरकतं, शिडाचा वरचा भाग मोकळा होतो, आणि जादा वारा वरून निघून जातो. मोठ्या वजनाचा मुलगा बाहेर झुकून जे करतो ते हलकी मुलगी या दोरानं करते.

इथेच क्लबच्या शिडाचा प्रश्न सुटतो. जुनं शीड मऊ पडतं आणि त्याचं पोट मागच्या कडेकडे सरकतं. होडी पुढे जाण्याऐवजी कलते. नवं शीड आणलं पाहिजे असं म्हणण्याआधी मुलीला सांगा की जुन्या शिडावर कनिंगहॅम नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त ओढायचा. पोट परत पुढे येतं. शीड अगदीच चिंधी झालं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग फक्त शीड घ्या, होडी नाही, आणि तेही निवडक शर्यतींसाठी जपून ठेवा. सरावाला क्लबचंच वापरू द्या.

तिसरा दोर व्हँग, जो बूमला खाली धरून ठेवतो. जोराच्या वाऱ्यात वाऱ्याकडे चढताना तो ताठ असतो. वरच्या खुणेला वळसा घालून वाऱ्याबरोबर उतरायची वेळ आली की वळण्याआधी तो थोडा सोडायचा. नाही सोडला तर होडी कलताच बूमचं टोक पाण्यात टेकतं आणि होडी तिथेच उलटते. हुसेन सागरवर हे लक्षात ठेवायला हवं, कारण सभोवार इमारती असलेल्या तलावावर वारा एकसारखा कधी येत नाही, झुळकांनी येतो. पाण्यावर गडद डाग पळत येताना दिसतो, तीच झुळूक. दोर असे लावलेले हवेत की डाग पोचेपर्यंत एका हाताने ओढता-सोडता येतील.

तोवर तिचं ऑप्टिमिस्टचं वर्ष संपायचंय, म्हणून त्याबद्दलही थोडं. तिथे शीड बारीक दोऱ्यांनी काठीला बांधलेलं असतं आणि शीड-काठीतली फट दहा मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तपासणीत मोजतात. वरच्या कोपऱ्याला तिरकी काठी असते, स्प्रिट. तिचा ताण कमी पडला तर काठीलगतच्या वरच्या कोपऱ्यापासून बूमच्या टोकापर्यंत तिरकी चुणी पडते. जास्त झाला तर दुसऱ्या बाजूने, शिडाच्या शेंड्यापासून खाली काठीच्या पायाकडे. चुणी जेमतेम नाहीशी होते तिथे थांबायचं. वारा वाढला की थोडा ताण वाढवायचा. पाणी उपसायचं भांडं होडीला बांधलेलं असावं, तरंगणारा ओढदोर किमान आठ मीटरचा.

एवढं ऐकूनही कोणी स्वस्तात जुनी इल्का देत असेल आणि घ्यायचीच असेल तर एकटे जाऊ नका, क्लबच्या प्रशिक्षकाला सोबत न्या. तोवर हे तुम्हालाही बघता येईल: काठीच्या खळग्यात पाणी काठोकाठ भरा आणि चहा पिऊन या. पाणी उतरलं असेल तर खळगा गळतोय, पाणी बुडाच्या पोटात जातंय. होडी रात्रभर बूच काढून तिरकी ठेवलेली असावी; विकणारा तसं करायला कां-कू करत असेल तर आत पाणी आहे असं समजा. डेकवर तळहाताने दाबत चला. कुठे मऊ लागलं, विशेषतः जिथे बसतात तिथे, तर सोडून द्या. वरच्या काठीचा तुकडा सपाट फरशीवर लोळवा. वाकलेली असेल तर लगेच कळतं. होडीवरचा अधिकृत फलक आणि शिडावरचा शिक्का बघा. रंग नवा लावलाय म्हणून खूश होऊ नका, रंगाखाली काय आहे ते विचारा.

रोजच्या वापरात शीड फडफडत ठेवू नये, त्यानं ते उन्हापेक्षाही लवकर मरतं. उतरवल्यावर घडी न घालता गुंडाळून ठेवावं. तलावावर मीठ नाही, पण शेवाळ आणि मळ असतो, तेव्हा गोड पाण्यानं धुवावं. कधी मुंबईला शर्यतीला गेली तर कप्प्या दोनदा धुवाव्यात. खारं पाणी वाळून त्यात मीठ बसतं आणि मग कप्पी फिरत नाही, दोर घासत जातो.

आता अम्मीचा प्रश्न. शर्यतीच्या नियमांत पूर्ण अंग झाकणाऱ्या कपड्यांना काहीही हरकत नाही. नियमाची हरकत वेगळ्याच गोष्टीला: भिजून वजन वाढवणाऱ्या कपड्यांना, कारण एके काळी काही लोक मुद्दाम ओले जाड कपडे घालून होडी तोलायचे. म्हणून सुती सलवार-कुर्ता नको, तो पाणी धरतो आणि उलटल्यावर पाय बांधले जातात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याच्या कापडाचा टॉप, त्याच कापडाची घोट्यापर्यंतची विजार, त्यावर हवी तर हलकी सैल शॉर्ट. उन्हापासूनही याच कपड्यांनी बचाव होतो, म्हणून बहुतेक सगळ्याच मुली हेच घालतात. डोक्याला खेळाचा ओढून घ्यायचा हिजाब चालतो, ज्याला पिन आणि लोंबतं टोक नसेल असा. ओढणी अजिबात नको. कप्पीत टोक गेलं तर गळ्याला फास. पायात जाड सॉक्स नाही, पाण्याचे बूट. शर्यती बहुधा दुपारी असतात, तेव्हा जोहर किनाऱ्यावर अदा करून पाण्यावर जाता येईल असं वेळापत्रक आधीच विचारून घ्यावं. जुम्माच्या दिवशी तर नक्कीच. बहुतेक प्रशिक्षक समजून घेतात, सांगितलं तर.

आणि लाइफ जॅकेट. पाटल्यांऐवजी ज्या गोष्टीसाठी कंजुसी करू नये ती ही. पर्यटकांच्या बोटीतलं ते नारिंगी, फेस निघालेलं जॅकेट नाही. लेबलावर न्यूटनमध्ये आकडा असतो. पन्नास न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, ज्यात हात मोकळे राहतात आणि बूमखालून वाकता येतं. शर्यतीत हेच घालतात. शंभर किंवा दीडशेचं माणूस बेशुद्ध असला तरी त्याचं तोंड वर ठेवण्यासाठी. पन्नासचं घालायचं म्हणजे पोहणं पक्कं हवं, आणि पाण्यावर सोबतीला मदतीची बोट हवी. दुकानात ते घालून, पट्टे आवळून, खांद्यांना धरून वर उचलून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे. ईदचे कपडे आपण दोन बोटं मोठे शिवतो, पुढच्या ईदलाही यावेत म्हणून. हे तसं घेऊ नका. लेबलावर जो वजनाचा आकडा आहे त्यात तिचे एकोणपन्नास किलो आज बसले पाहिजेत, आणि पुढच्या वर्षी बसले नाहीत तर दुसरं घ्यायचं.